शुक्रवारचा डबा

९ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या आठवड्यात मी आजारी होतो हे शाळेत कुणाला कळलं नाही. यात शाळेचा दोष नाही, इथली व्यवस्थाच फार उत्तम आहे. ताप आला, खालच्या क्लिनिकमध्ये गेलो, डॉक्टरने एमसी, म्हणजे आजारपणाचा दाखला, दिली, ती फोनवरून पाठवली, आणि माझे गणिताचे तास कोण घेणार हे कॉम्प्युटरने परस्पर ठरवलं. माणसाची उणीव भासू नये याची इतकी चोख तजवीज मी दुसऱ्या कुठल्या देशात पाहिली नाही. घरी थर्मामीटर बघून आकडा मात्र मोठ्याने सांगत होतो. कुणाला, ते विचारू नये.

आज परत गेलो. पहिला प्रश्न आला, "मिस्टर चारू, फळ्यावरचा मोठा कंपास तुमच्याकडे आहे का?" होता. दिला.

शेजारच्या टेबलावर सलमा बसते. मलय शिकवते म्हणून सगळे तिला चिकगू म्हणतात, म्हणजे बाई. ती रोजच्यासारखं म्हणाली, "मकान ऑलरेडी?" म्हणजे जेवलात का. हा इथला नमस्कार आहे, त्याला उत्तर अपेक्षित नसतं. मी रोजच्यासारखं "येस, येस" म्हटलं. पोटात फक्त क्रोसिन होती.

दुपारी मुख्याध्यापिका मिसेस चियांनी बोलावलं. माझा करार जूनमध्ये संपतो. आणखी दोन वर्षं हवीत की नकोत ते गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसापर्यंत सांगायचं. गार्गी डब्लिनहून रोज सांगते आहे, बाबा, आता पुण्याला जा, फ्लॅट रिकामा पडलाय. रिकामा फ्लॅट इथेही आहे, बुकित बातोकला, तेराव्या मजल्यावर. त्यात मी राहतो एवढंच.

तेव्हा स्वतःशी एक पैज लावली. त्या गुरुवारपर्यंत या शाळेत कुणी मला कामाव्यतिरिक्त एक जरी प्रश्न विचारला तर राहायचं. नाहीतर पुणे. गणित सोपं आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज सकाळी चॅपेलमध्ये शिक्षकांची प्रार्थना. सेंट कथबर्ट ही अँग्लिकन मिशनची शाळा. चौदा वर्षं मी या प्रार्थनेला शेवटच्या बाकावर बसतो. त्या बाकावर मी हिंदू, सलमा मुसलमान आणि फिजिक्सचा प्रयोगशाळावाला अंकल सूं बौद्ध, अशी आमची बिगरख्रिस्ती आघाडी आहे. पुढचे लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. चौदा वर्षांत सगळी भजनं पाठ झाली आहेत. विश्वास नाही, पण चाल पक्की आहे.

शाळेचे धर्मगुरू रेव्हरंड टिमथी क्वेक. चाळिशीचा, अविवाहित, चॅपेलमागच्या दोन खोल्यांत एकटा राहणारा माणूस. गिटार वाजवतो. बाकी माणूस वाईट नाही. आज त्याने जाहीर केलं की यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या व्रतात, नुसतं काहीतरी सोडायचं नाही, काहीतरी धरायचंसुद्धा. म्हणून सर्व शिक्षकांनी 'एंजल आणि मॉर्टल' खेळायचं. हा सिंगापूरचा लाडका खेळ आहे. चिठ्ठी उचलायची, तिच्यावर ज्याचं नाव तो तुमचा मर्त्य मानव, तुम्ही त्याचे गुप्त देवदूत. गुपचूप त्याच्यासाठी काहीबाही करत राहायचं, आणि शेवटच्या दिवशी उघड व्हायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसांनी हे करावं अशी अपेक्षा असते, आणि ते करतात.

दानाच्या तबकातून चिठ्ठी उचलली. नाव निघालं: रेव्ह. टी. क्वेक.

देवाच्या माणसाला देवदूत म्हणून मी. वर मनुष्यबळाची फारच टंचाई दिसते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, यंदा चिनी नववर्षाच्या सुट्टीतच आला, म्हणून शाळेत राख आज लावली. मुलं एका हातात नववर्षाची संत्री आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात आली. त्यात आजपासून सलमाचा रमझान. एका मजल्यावर इतका परमार्थ एकदम मावत नाही.

राख लावून घ्यायला मी पुढे गेलो नाही. रेव्हरंडने प्रवचनात सांगितलं की तो दर शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत उपवास करणार आहे.

हे ऐकून मी सरसावून बसलो. आठवडाभर विचार करत होतो की या माणसाला द्यायचं काय? गिटारच्या तारा मला कळत नाहीत, बायबलच्या खूणपट्ट्या त्याच्याकडे गाडीभर असणार. पण उपवास! यातलं मला कळतं. निशिगंधा दर गुरुवारी करायची. ती उपवास करायची आणि मी खिचडी. मला एवढा एकच पदार्थ येतो. तिचा देवावर विश्वास, माझा साबुदाण्यावर, असा संसार चालला होता.

संध्याकाळी लिटल इंडियाला जाऊन साबुदाणा आणला. इथल्या सुपरमार्केटात मिळतो तो बारीक, त्याची खीरच होते. दुकानदार म्हणाला, "बहोत दिन बाद, सर?" दोन वर्षांनी. मी म्हटलं, परदेशी होतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साबुदाणा रात्री भिजवला. पाणी दाण्यांच्या वर बोटाचं अर्धं पेर, जास्त नाही. पहाटे दाण्याचं कूट, तुपात जिरं, मिरची, बटाट्याच्या फोडी. हात विसरला नव्हता. शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, याची खात्री मी कालच कॅन्टीनमध्ये त्याला शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून साटे खाताना बघून केली होती. गुप्तहेरखात्यात गेलो असतो तर बरं झालं असतं.

डबा कुठला द्यायचा? प्लास्टिकच्या डब्यात वाफ धरते. शेवटी घट्ट झाकणाचा स्टीलचा काढला. झाकणावर नाव कोरलं आहे: 'चि. सौ. कां. निशिगंधा हिस उल्काआत्याकडून'. लग्नातला. क्षणभर थबकलो, पण देवनागरी आहे, या शाळेत कुणाला वाचता येणार? याहून चांगलं कुलूप नाही.

टॉवेलात गुंडाळून डबा सकाळी सव्वासहाला रेव्हरंडच्या टपालाच्या खणात ठेवला. चमचाही ठेवला. कुणी पाहिलं नाही. फक्त सलमा लवकर आली होती, ती दारात उभी राहून खोल श्वास घेत होती. रमझानमध्ये लोक प्राणायामही करतात असं दिसतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

नवल झालं. डबा आज माझ्या टेबलावर, धुऊन पुसून लख्ख, आणि आत दोन संत्री.

सफाईवाल्या बाईंचं काम असणार. डबा भारतीय म्हणजे मिस्टर चारूचा, असा हिशेब त्यांनी केला असेल. संत्री नववर्षाची उरलेली. माझं बिंग फुटलेलं नाही. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही हे चिनी लोकही पाळतात, ही मात्र माहितीत भर पडली.

माझा स्वतःचा देवदूतही कामाला लागला आहे. खणात हिरव्या शाईची तीन पेनं. मी वह्या हिरव्या शाईने तपासतो, लालने मुलं घाबरतात. आणि घसा धरल्यावर चघळायच्या गोळ्यांचं पाकीट. माझा खोकला काही लपून राहिलेला नाही, तो पार तळमजल्याला ऐकू जातो. पण हिरवी पेनं? मला मिसेस चियांचा संशय आहे. स्वस्तातला गणित मास्तर जाऊ नये म्हणून तीन पेनं. हिशेबी बाई.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज खिचडी जास्त मोकळी झाली. लिंबू आठवणीने पिळलं. निशिगंधा म्हणायची, तुझी खिचडी बीजगणितासारखी आहे, प्रत्येक दाणा सुटा आणि मीठ शेवटी कळतं. ही तक्रार होती की कौतुक हे मला कधी नीट समजलं नाही.

पैजेची स्थिती: कामाचे प्रश्न भरपूर. इतर शून्य. सलमाचं "मकान ऑलरेडी?" चालू आहे. स्वतः पहाटेपासून उपाशी असून मला विचारते. सवय माणसाला कुठे नेते पाहा.

४ मार्च, बुधवार

चॅपेल. संपूर्ण शाळा. रेव्हरंडचं आजचं प्रवचन अरण्यातल्या मोहाबद्दल होतं. येशू चाळीस दिवस उपाशी, आणि सैतान येऊन म्हणतो, भूक लागली आहे ना, मग या दगडांच्या भाकरी कर.

कथा मला पाठ आहे, पण आज त्याने ती रंगवली. म्हणाला, "मोह कधी शिंगं लावून येत नाही. तो सकाळी सकाळी येतो. गरम असतो. टॉवेलात गुंडाळलेला असतो. त्याचा वास जिना चढून येतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, तो कुणीतरी फार मायेने केलेला असतो."

शिक्षकांच्या बाकांवर खसखस पिकली. बरेच जण मागे वळून बघत होते. माझ्या डोक्यावर भिंतीत घड्याळ आहे, आणि प्रवचन लांबलं होतं खरं. सलमाने तोंडाला रुमाल लावला होता. उपाशीपोटी कसली आम्लता होत असेल कोण जाणे.

उपमा घरगुती होती, पण चांगली. त्याला थोडं वाचन आहे म्हणायचं.

एक मात्र लिहून ठेवतो. या शाळेची मला चीड येते ती भिंतीवरच्या फलकांमुळे. सेवा, करुणा, नम्रता, प्रत्येकाला एकेक रंग दिलेला. करुणा नारिंगी आहे. वर्षाच्या शेवटी मुलांनी आपण कितपत करुण झालो ते स्वतः पाचपैकी भरून द्यायचं. पण आज प्रवचनानंतर आठशे मुलं, त्यांतली निम्मी बौद्ध आणि हिंदू आणि कशावरच विश्वास नसलेली, एका दमात गायला लागली. कोण कशासाठी गातं आहे हे देवालाही वेगळं काढता आलं नसतं. तेव्हा वाटलं की फलक काढून टाकले आणि नुसतं हेच ठेवलं तरी शाळा चालेल.

८ मार्च, रविवार

गार्गीचा व्हिडिओ कॉल.

"बाबा, ठरवलं का?"

"गुरुवारपर्यंत वेळ आहे. एप्रिलच्या."

"मग काय करताय वीकेंडला?"

"खोबरं खवलं."

"व्हॉट? कुणासाठी?"

"एका धर्मगुरूसाठी."

तिने तोंड कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना? त्यांनी तुम्हाला कन्व्हर्ट वगैरे नाही ना केलं?"

"अजून तरी मीच त्याला करतोय. साबुदाण्यात."

हसली नाही. म्हणाली, "आईसारखं बोलू नका ला." डब्लिनला चार वर्षं झाली तरी तिचा सिंगापुरी 'ला' काही गेला नाही. या मुलीला तीन देशांनी वाढवलं आणि एकानेही स्वयंपाक शिकवला नाही.

फोन ठेवल्यावर भांडी घासत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, चॅपेलमधलं भजन गुणगुणतोय. आवाज बंद केला तर घर एकदम मोठं झालं. पुन्हा सुरू केलं.

१३ मार्च, शुक्रवार

हा दिवस लिहायला नको वाटतंय. पण डायरी म्हणजे काही चारित्र्याचा दाखला नव्हे.

सत्राचा शेवटचा दिवस. खिचडी थोडी जास्त झाली होती. म्हटलं सलमाचाही उपवास आहे, तिलाही द्यावी. छोटा डबा तिच्यापुढे ठेवला.

"हे काय, मिस्टर चारू?"

"उपवासाचं आहे. फास्टिंग फूड. खाऊ शकता तुम्ही."

तिने डबा उघडला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं. "फास्टिंग फूड," ती म्हणाली. "पण आत फूड आहे ला."

"हो. उपवासाला चालणारं."

"बटाटा आहे. शेंगदाणा आहे. तूप आहे."

"गहू-तांदूळ नाही ना पण!"

ती हसायला लागली. टेबलावर डोकं ठेवून हसली. डोळे पुसून पुन्हा हसली. "अय्यो मिस्टर चारू, तुमचा देव फार चांगला आहे. माझ्या आईला आधी माहीत असतं तर!" मग सावरून म्हणाली, "आम्ही काहीच खात नाही. पाणीसुद्धा नाही. हे मी संध्याकाळी घरी खाईन, प्रॉमिस."

मला रेव्हरंडचा डबा आठवला. सहज विचारतोय असं दाखवून म्हटलं, "आणि समजा, एखाद्या ख्रिश्चन माणसाचा उपवास असेल, तर?"

सलमा अगदी गंभीर झाली. "समजा असा एखादा माणूस असेल. तर तोही खात नाही. सूर्य मावळेपर्यंत."

"मग समजा, त्याला कुणी सकाळी डबा दिला तर?"

"समजा, तो डबा तो दिवसभर टेबलावर ठेवून बसत असेल. आणि सात वाजता खात असेल."

"गार?"

"गार."

गार साबुदाणा! ज्याने तो खाल्लेला नाही त्याला सांगून कळणार नाही. दाणे एकमेकांना असे धरतात की डबा उपडा केला तरी डब्याच्या आकाराची वीट बाहेर येते. सैतानाने निदान दगडाच्या भाकरी कर म्हटलं होतं. मी दर शुक्रवारी भाकरीचे दगड करून पाठवत होतो.

समाधान एकच, सगळं 'समजा'मध्ये झालं. सलमाला काही कळलं नाही. आता डबा बंद.

१९ मार्च, गुरुवार

सुट्टी. पाडवा. गुढीची काठी कपाटामागे आहे, काढली नाही. तेराव्या मजल्यावरून बाहेर काही लटकवलं तर नोटीस येते, हे कारण यंदा बरं पडलं. पूर्वी निशिगंधा ती खिडकीच्या आत उभारायची आणि म्हणायची, देवाला काचेतून दिसतं.

मंडळाचा कार्यक्रम होता. गेलो नाही. तिथे सगळे "आता कसं चाललंय?" विचारतात आणि उत्तर येण्याआधी श्रीखंड वाढतात.

दिवसभरात एक वाक्यही बोललो नाही. संध्याकाळी लिफ्टमधल्या बाईंना "थँक यू" म्हटलं, तर आवाज घोगरा निघाला.

२१ मार्च, शनिवार

ईद. सलमाचा मेसेज: 'मिस्टर चारू, आज या. वुडलँड्स. सगळे आहेत. तुमच्यासाठी एक पातेलं वेगळं केलंय, बीफ नाही, चिकन नाही, बटाटा आहे. तुमच्या देवाला चालेल.'

शाळेत सगळ्यांना पाठवलेला दिसतो. अशा घाऊक आमंत्रणाला जाऊन गर्दी कशाला करा? 'सेलामत हारी राया' एवढं उत्तर पाठवलं आणि वह्या तपासल्या.

२७ मार्च, शुक्रवार

आज डबा नाही. सव्वासहाला नुसताच गेलो, सवयीने.

रेव्हरंड साडेसहाला आला. खणात हात घातला. वाकून आत पाहिलं. शेजारच्या खणातही पाहिलं. मग तिथेच उभा राहून पत्रकं वाचू लागला. पत्रकं मागच्या महिन्याची होती.

दुपारी स्टाफरूममध्ये आला, कुणाकडेच न बघता म्हणाला, "आज संध्याकाळी सातला काय खायचं ते स्वतः ठरवायला लागणार." अंकल सूंने माझ्याकडे पाहिलं, मग सलमाने पाहिलं. मी वहीत पाहिलं. माणूस उतरलेला दिसत होता. व्रताचे शेवटचे दिवस जड जात असतील.

पैज: आता एक आठवडा उरला. शून्य. मिसेस चियांना काय सांगायचं ते वाक्य तयार केलं. 'आपण संधी दिलीत त्याबद्दल आभारी आहे.' यात खोटं काही नाही, खरंही फारसं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

क्रमाने लिहितो.

आज पवित्र गुरुवार. या दिवशी येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून चॅपेलमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. पुढे बारा खुर्च्या. दरवर्षी काही मुलं, काही शिक्षक, एखादी सफाईवाली बाई असते. यंदा अकराच भरल्या. पीटीच्या मास्तरांची एमसी होती, आणि पायासाठी कॉम्प्युटर बदली माणूस देत नाही.

रेव्हरंडने आठशे मुलांच्या डोक्यांवरून थेट शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि हात केला.

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"जा ला, मिस्टर चारू," सलमा म्हणाली.

"मी ख्रिश्चन नाही."

"पाय आहेत ना? जा."

गेलो. बूट काढला, तर मोज्याला अंगठ्यापाशी भोक. पहिल्या रांगेतल्या मुलींनी पाहिलं. चौदा वर्षांची प्रतिष्ठा त्या भोकातून गेली.

माझे पाय याआधी एकदाच कुणी धुतले होते. लग्नात, सासऱ्यांनी. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि एवढा म्हातारा माणूस माझ्यापुढे वाकतोय याची इतकी लाज वाटली होती की पाय मागे घेतला. भटजी ओरडले होते, निशिगंधा पलीकडच्या खोलीत असूनही तिला ते कळलं, आणि ती पुढे वर्षानुवर्षं मला त्यावरून चिडवायची.

आज पाय मागे घेतला नाही. पाणी कोमट होतं. गेल्या दोन वर्षांत माझ्या अंगाला फक्त न्हाव्याचा हात लागला आहे, आणि एमआरटीतल्या, म्हणजे इथल्या मेट्रोतल्या, गर्दीचा. हे तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं. अवेळी लक्षात आलं.

रेव्हरंड टॉवेलने पाय पुसत होता. टॉवेल ओळखीचा वाटला. माझाच होता, पहिल्या डब्याबरोबर गेलेला. मान वर न करता, फक्त मला ऐकू येईल असं तो म्हणाला, "निशिगंदा. बरोबर म्हणतोय का? झाकणावर फोन धरला, त्याने वाचून दाखवलं. दर शुक्रवारी जेवायच्या आधी तिचं नाव घेतो. चालेल ना? आधी विचारायला हवं होतं."

'ध' चुकला होता. मी दुरुस्त केला नाही. मास्तरकीत पहिल्यांदाच चूक तशीच सोडली. शाळेला तिचं जाणं माहीत होतं, पुष्पचक्र आलं होतं, कार्डावर 'आपल्या पत्नी' असं छापलेलं होतं. नाव कुणाला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

"चालेल," म्हटलं. आवाज पाडव्याच्या लिफ्टमधल्यासारखा निघाला.

"आणि कोण होती ती?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "गुरुवारी उपवास करायची." तो थांबला होता, पुढचं ऐकायला. मागे अकरा जोड्या पाय वाळत होते आणि आठशे मुलं तिष्ठत होती, म्हणून मी म्हटलं, "नंतर सांगतो."

दुपारी स्टाफरूममध्ये देवदूत उघड झाले. मी उभा राहून गंभीरपणे जाहीर केलं की रेव्हरंडचा देवदूत मी होतो. सगळी खोली हसली, टाळ्या वाजल्या. अंकल सूं म्हणाला, "शुक्रवारी सकाळी दुसऱ्या मजल्यापर्यंत जिऱ्याचा वास येतो, मिस्टर चारू. आम्ही सगळे त्या दिवशी लवकर यायचो." म्हणजे गुपित फुटलंय हे शाळेत एकट्या मलाच माहीत नव्हतं.

माझा देवदूत सलमा निघाली. हिरवी पेनं, गोळ्या, सगळं. मिसेस चियांची मनातल्या मनात माफी मागितली.

सलमाचा रमझान संपला आहे. तिने डबा उघडला आणि रोजच्यासारखं विचारलं, "मकान ऑलरेडी?"

मी "येस" म्हणायला तोंड उघडलं. मग बंद केलं.

"नाही," मी म्हटलं. "सकाळपासून नाही. बऱ्याचदा सकाळी खात नाही मी."

"माहीत आहे ला," ती म्हणाली. "म्हणून तर विचारते. दीड वर्ष झालं." आणि डब्याच्या झाकणात अर्धा भात काढून माझ्यापुढे सरकवला. बटाट्याची भाजी होती, ईदच्या पातेल्यासारखीच असावी. ते पातेलं एकट्या माझ्यासाठी केलं होतं हे मेसेजमध्येच लिहिलेलं होतं, मला ते खाताना समजलं.

चार वाजता मिसेस चियांकडे गेलो. चॅपेलमध्ये घाईत बूट अर्धवट ओल्या पायावर चढवला होता, तो अजून कॉरिडॉरभर पचपच वाजत होता. पाठ केलेलं वाक्य 'आपण संधी दिलीत' इथपर्यंत आलं आणि पुढे जाईना.

"सो? राहणार की जाणार, मिस्टर चारू?"

"टू इयर्स," मी म्हटलं. "कॅन?"

"कॅन," त्या म्हणाल्या, आणि सही करायला हिरवं पेन पुढे केलं.

४ एप्रिल, शनिवार

गार्गीला सांगितलं. ती आधी चिडली, मग म्हणाली, "मग मी डिसेंबरमध्ये तिकडेच येते." फोनवर पार्श्वभूमीला तिच्या कुकरची शिट्टी वाजत होती. काहीतरी शिकते आहे.

उद्या ईस्टर. रेव्हरंडने दुपारी जेवायला बोलावलं आहे. त्याची आई येणार, सलमा आणि अंकल सूं येणार. मी विचारलं, "काय आणू?"

"तेच," तो म्हणाला.

"पण उपवास संपला तुमचा. उद्या तर मेजवानी. हे उपवासाचं आहे!"

"मिस्टर चारू," तो म्हणाला, "चार शुक्रवार मी ते गार खाल्लं. चाकूने कापून. गरम असताना कसं लागतं ते मला अजून माहीत नाही."

पाच माणसांची कधी केलेली नाही, नेहमी एका माणसाची, नाहीतर दोघांची. चुकली तर उद्या सगळ्यांदेखत चुकेल. मोठं पातेलं माळ्यावर होतं, काढलं, धुतलं. त्यावरही नाव आहे. साबुदाणा आता भिजत घातला आहे, पाणी दाण्यांच्या वर बोटाचं अर्धं पेर.